गाऱ्हाणे घातल्यावर वाडीत

स्मरणिकेत माजी विद्यार्थी बहुधा गुरुजनांविषयी लिहितात. मी वाडीविषयी, म्हणजे आपल्या नारळ-सुपारीच्या बागेविषयी लिहितो आहे. शाळेत रोज हात जोडून म्हटलेली प्रार्थना बागायतदाराच्या नेमकी कुठे कामी येते, हे आज वर्गात बसलेल्या मुलांना कळायला हवे. आपल्या दापोलीच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांच्या नारळी-पोफळी ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले.

पोफळीला, म्हणजे सुपारीच्या झाडाला, फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात, बाणवली जातीच्या उंच माडाला त्याहून थोडी जास्त. तेव्हा ‘देवाने आमच्याच वाडीवर का घाव घातला’ हे मनात येणारच. त्यासाठी आपल्याकडे जागा ठरलेली आहे, ग्रामदेवतेसमोरचे गाऱ्हाणे. झाले ते देवाला स्पष्ट सांगायचे, साऱ्या गावासाठी मागायचे, ‘व्हय महाराजा’ म्हणायचे आणि उठायचे. भार त्याच्यावर टाकला तो टाकला. तोच भार रोज संध्याकाळी पारावर पुन्हा उचलून घेणाऱ्याचा हंगाम हातचा जातो.

हंगाम गेला तर काय होते? उन्मळलेले माड पावसात कुजतात. गेंड्या भुंग्याची मादी कुजक्या खोडांत आणि शेणखताच्या ढिगात अंडी घालते, आणि त्यांतून वाढलेले भुंगे उभ्या माडांचा कोवळा कोंब पोखरतात. झावळी उलगडते ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी. रोपाचा कोंब गेला की रोपच गेले. म्हणून झाडे मोजून, फोटो काढून, सातबारा जोडून पंचनामा करून घ्यावा (हक्काचे मागण्यात कुरकुर नाही) आणि लगेच खोडे तोडून वाडीबाहेर काढावीत. कुजायला लागलेली जाळावीत. उभ्या माडांच्या आतल्या तीन झावळ्यांच्या बेचक्यात एक भाग निंबोळी पावडर आणि दोन भाग वाळू भरावी. भोक दिसले तर तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढावा.

पोफळीचे दुखणे उशिरा कळते. शेजारची झाडे पडली की वाचलेल्या पोफळीच्या खोडावर नैर्ऋत्येकडून दुपारचे ऊन थेट येते. साल करपते, चिरते आणि पुढे साध्या वाऱ्यातही झाड तिथेच मोडते. मग लोक म्हणतात, देवाचा कोप अजून सरला नाही. अहो, देवाने ते झाड वादळातून राखून दिले होते, त्याला सावली द्यायचे काम आपले होते. त्या अंगाने खोडाला झाप, म्हणजे विणलेल्या झावळ्या, बांधावेत. मोकळ्या जागेत आधी केळी लावाव्यात आणि त्यांच्या सावलीत २.७ मीटर अंतरावर, ६० सेंटिमीटरच्या खड्ड्यांत नवी पोफळ. फळ कोणाच्या हाताला लागेल हे देवावर सोपवून खड्डा खणणारी वयस्क माणसे पाहिली की माझे हात आपोआप जुळतात.

शाळेने या सुवर्णमहोत्सवी वर्षात सुपारीची रोपवाटिका करावी, ही विनंती. श्रीवर्धनी जातीचे बियाणे मिळाले तर उत्तम. नाहीतर दहा वर्षांवरच्या, नेमाने भरपूर धरणाऱ्या पोफळीची पूर्ण पिकलेली, वजनदार फळे घ्यावीत. सालासकट, देठाची बाजू वर ठेवून, सावलीतल्या वाळूच्या वाफ्यात लावावीत आणि वाफा ओला राखावा. दोन पाने आली की रोप पिशवीत हलवावे. लागवडीला ते साधारण दीड वर्षाचे चांगले, म्हणजे आज नववीत असलेल्या मुलांना दहावी झाल्यावर आपापले रोप घरी नेता येईल.