साधंच कर!

"आज फार काही नको, साधंच कर," असं म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाही भाकरी थापलेली नसते, याबद्दल माझी खात्री आहे. साधं म्हणजे काय, तर पिठलं, गरम भाकरी, एखादी पालेभाजी, मिरचीचा खर्डा आणि "जमलं तर मूठभर भात टाक." दोन्ही शेगड्या पेटलेल्या, घरचे सगळे पाटावर आणि एक बाई तव्यासमोर. मसालेभात कुकरला लावून बाहेर येऊन बसता येतं. चपात्या तासभर आधी करून डब्यात घालता येतात. जोंधळ्याची भाकरी मात्र तव्यावरून सरळ ताटातच पडायला हवी, ही आमच्या बेळगाव भागातली अलिखित अट. जेवणारा जितका साधा, तितकी करणारी अडकलेली.

आमच्याकडे हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं ते गृहस्थ मनाने चांगले आहेत. बायको ऑफिसातून दमून आली आहे, तिला उगीच त्रास नको, एवढाच त्यांचा हेतू. शिवाय पोटाला हलकं, तेल कमी, हेही डोक्यात असतंच. त्यांची काही चूक नाही. ताट साधं दिसतं, म्हणजे ते झटपट होत असणार, असा हिशेब कुणीही करील.

भाकरीला एवढा मान का, याला कारण आहे. गव्हाच्या कणकेत ग्लूटेन नावाचं लवचिक प्रथिन असतं. ती ताणली जाते, लाटली जाते, झाकून ठेवली तरी बिघडत नाही. जोंधळ्यात ते नाहीच. पिठाला एकत्र धरायला आधणाचं पाणी लागतं. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च थोडा शिजतो, चिकट होतो आणि तेवढ्या चिकटपणावर सगळी भाकरी उभी असते. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते; मग हात कितीही सरावाचा असू दे, कडेला भेगा पडणारच. म्हणून दळण थोडं थोडं आणायचं, मळायचंही एका-दोन भाकऱ्यांपुरतं, मळलं की लगेच थापायचं, पाण्याचा हात वेळेवर फिरवायचा, उलटायचं वेळेवर. वेळेवर, वेळेवर, आणि हे सगळं संध्याकाळी साडेसातला, जेव्हा मुलाला गणित अडलेलं असतं.

यावरचा तोडगा मला शेजारच्या अक्कांनी दाखवला. अक्का सौंदत्तीकडच्या. त्यांच्या घरात कन्नड, आमच्या घरात मराठी, आणि मधल्या भिंतीवरून दोन्ही भाषांची सरमिसळ करून बोलणं. रात्री आठला माझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या चालू असायच्या तेव्हा अक्का अंगणात निवांत बसलेल्या दिसायच्या. स्वयंपाक झाला का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "करायचं काय असतंय त्यात?" हे ऐकून आधी राग आला. मग त्यांनी आत बोलावून डबा उघडून दाखवला. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली कडक भाकऱ्यांची चवड, शेजारी शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची अशा तीन कोरड्या चटण्या, दह्याचं गाडगं आणि परातीत निवडून ठेवलेली मेथी, कांद्याची पात, मुळा. गॅस बंद.

कडक भाकरी करताना बघण्यासारखी असते. पीठ तेच, आधण तेच, पण भाकरी बडवायची ती पार कागदासारखी पातळ. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून झाली की आच कमी करून फडक्याच्या बोळ्याने कडेपासून मध्यापर्यंत दाबत राहायचं. दाबेल तिथून वाफ निघते आणि ओल जाते. मग तव्यावरून काढून चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची, ती उरलेलीही ओल सोडते. पाणीच राहिलं नाही म्हटल्यावर बुरशीला जागा नाही, म्हणून ही भाकरी दिवस नाही, आठवडे टिकते. रानात लांब जाणाऱ्यांनी आणि यल्लम्माच्या डोंगरावर मुक्कामाला निघणाऱ्यांनी हीच फडक्यात बांधून नेली. माझ्यासारखीने ती ऑफिस आणि घर यांच्यामध्ये वापरायला काय हरकत आहे? अक्का एका दुपारी बसून पंधरवड्याची बेगमी करतात. मी त्यांच्याइतकी पातळ बडवू शकत नाही आणि शिकायची हौसही नाही. बेळगावात बायकांचे गट, खानावळी चालवणाऱ्या बाया त्या करून विकतात; मी सरळ विकत आणते. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

खरी गंमत पचडीत, म्हणजे कच्च्या पालेभाजीच्या कोशिंबिरीत आहे. मेथीची कोवळी पेंडी घ्यायची, मुळं आणि जाड देठ काढून पानं बारीक चिरायची. पण चिरण्याआधी वाहत्या पाण्याखाली नीट धुवायची, मातीचा कण राहिला तर सगळी पचडी दाताखाली करकरते. कांद्याची पात, मुळा, काकडी बारीक. दाण्याचं कूट सढळ हाताने. लिंबू किंवा दही, दोन्ही नको. हिरवी मिरची वाटून. वरून चमचाभर तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी, तीही आवडत असेल तर. आणि मीठ अगदी वाढायच्या वेळी. आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं, मेथी मान टाकते आणि मग पोरं म्हणतात, आई हे काय ओलं ओलं. कडक भाकरीचा तुकडा मोडायचा, त्यात पचडी उचलायची. मेथीचा कडूपणा दाण्याच्या कुटात विरून जातो, पण सगळा नाही. थोडा राहतो, आणि तो राहायलाच हवा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दिवसाला दोन हजार कॅलरींचं ताट दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, आणि तेलतूप अवघं २७ ग्रॅम. हे आकडे वाचून मी स्वयंपाकघरातला तराजू काढला. धान्याचं काही वाटलं नाही. २५० ग्रॅम म्हणजे मध्यम चार भाकऱ्यांचं पीठ, तेही दिवसभराचं आणि भात धरून. आपण एवढं दुपारीच उडवतो. अडचण भाजीची. माणशी ४०० ग्रॅम भाजी म्हणजे चौघांना दीड किलोच्या वर, रोज. ती सगळी फोडणीला टाकायची म्हटली तर कढई पुरणार नाही, आणि २७ ग्रॅम तेल, म्हणजे दोन मोठे चमचे, सकाळच्या भाजीतच संपून जाईल. हे गणित सुटायचं असेल तर भाजीचा बराच वाटा कच्चाच पोटात जायला हवा. अक्कांना या संस्थेचं नावही माहीत नाही. गणित मात्र त्यांच्या परातीत सुटलेलं आहे.

एक गोष्ट मात्र अक्कांना सांगावी लागते, आणि त्या ऐकत नाहीत. मीठ. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तीन चटण्या, वर लिंबाचं लोणचं, वर पापड, असं ताट भरलं की भाजीत मीठ घालण्याआधीच मर्यादा गाठलेली असते. मी दोन चटण्यांवर थांबते आणि लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवते. आमचे गृहस्थ उंच आहेत, त्यामुळे याचा फारसा उपयोग होत नाही.

भाजीच्या बाबतीत बेळगावकरांनी तक्रार करू नये. आसपासच्या गावांतल्या बाया सकाळी गणपत गल्लीत बुट्ट्या घेऊन बसतात. मेथी, पोकळा, शेपू, अंबाडी, लाल माठ, चुका, काय हवं ते. इथली भाजी रोज घाट उतरून गोव्याला जाते. तिथल्या हॉटेलांतली कोबी आणि ढबू मिरची आमच्याच शिवारातली असायची शक्यता बरीच. तरी शहरातल्या कितीतरी घरांत आठवड्याची भाजी एकदम येते, फ्रीजमध्ये कोंबली जाते, आणि पालेभाजी "निवडायला वेळ नाही" म्हणून आणतच नाहीत. मी ऑफिसला जाता जाता उभ्या उभ्या घेते. "वैनी, कवळी हाय बघा, आज सकाळीच उपटलीया," असं सांगत मावशी पेंडी पिशवीत टाकूनच मोकळ्या होतात. कच्ची खायची असेल तर ती कुठल्या पाण्यावर वाढलीय हे मी विचारते. विहिरीवरची म्हणाल्या तर घेते, उत्तर टाळलं तर ती पेंडी शिजवायची, पचडीत घालायची नाही. ऑफिसात दुपारच्या सुट्टीत आम्ही चौघी मिळून भाजी निवडतो. साहेबांनी एकदा बघितलं, काही बोलले नाहीत.

सासूबाईंचा या सगळ्यावर विश्वास बसायला वेळ लागला. त्या खानापूरच्या रानातल्या. हा बेळगाव जिल्हाच असा आहे की एका टोकाचं जेवण दुसऱ्या टोकाला परकं वाटावं. मलप्रभा नदी खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावते. तिथे पाऊस धो धो, भाताची खाचरं आणि उतारावर नाचणी. तीच नदी पूर्वेला सौंदत्तीपाशी नवीलतीर्थाच्या धरणात पोचते तेव्हा सभोवती काळी माती, मोजका पाऊस आणि रब्बीचा जोंधळा. अक्का धरणाकडच्या, सासूबाई उगमाकडच्या. सासूबाईंच्या मते जोंधळा "कोरडा", आणि रात्री कच्चा पाला खाणं म्हणजे गुराढोरांचं काम. त्यांचं साधं जेवण म्हणजे उकड्या तांदळाचा भात, हुलग्याची आमटी आणि नाचणीची आंबील.

आंबिलीपुढे मी हात जोडले आहेत. रात्री नाचणीचं पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवायचं, सकाळपर्यंत आंबतं. मग ते गरम पाण्यात सोडून ढवळत शिजवायचं, गार झालं की ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. पाच-सात मिनिटांची आच. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, असं सगळे सांगत सुटतात. खरं आहे, पण शंभर ग्रॅम नाचणी एका बैठकीत खातं कोण? आणि धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्यातलं बरंच कॅल्शियम अंगी लागू देत नाही. आंबवल्याने किंवा मोड आणल्याने ते फायटेट कमी होतं. म्हणजे नुसतं पीठ शिजवण्यापेक्षा सासूबाईंची आंबवलेली आंबील शहाणी ठरते. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आंबवायची नाही तर तिला आंबील कशाला म्हणायचं?"

कडधान्यात मी आळशी आहे, त्यामुळे मसूर. भाताचं पीक निघालं की येळ्ळूरकडच्या काळ्या रानात थंडीत मसूर उभा राहतो. नवा मसूर बाजारात आला की वर्षाचा भरून ठेवते. भिजवायची आठवण लागत नाही, मोड आणायची फिकीर नाही, अर्ध्या तासात आमटी. मटकीला मोड येण्याची वाट बघणं मला जमत नाही, आणि बेळगावच्या पावसाळ्यात तर मोडही यायला कंटाळतात.

आता घरात एक तह झालाय. रात्री एकच पदार्थ गरम: मसुराची आमटी, हुलग्याचं कढण किंवा ताकाची कढी. बाकी सगळं गार आणि तयार: कडक भाकरी, पचडी, एक-दोन चटण्या, दही. "गरम काहीच नाही?" हा प्रश्न त्यामुळे बंद झाला. सासूबाईंना मऊ भात वेगळा. ताजी गरम भाकरी रविवारी, तीही मटणाबरोबर, आणि त्या दिवशी आरोग्याचा विषय कुणीही काढायचा नाही.

पावसाळ्यात हा तह थोडा डळमळतो. हवेतली ओल कडक भाकरीला लागते, ती सादळते आणि चामट होते. पुन्हा तव्यावर मंद आचेवर टाकली की ताठ होते, पण तो तवा तापवणंही त्या दिवसांत जिवावर येतं. पालेभाजी चिखलाने भरलेली येते. तेव्हा पचडीत काकडी आणि मुळ्यावर भागवते, मेथी शिजवते. खानापूरकडून अळू, टाकळा, कुर्डू येतात, त्यांची भाजी करायचं खातं सासूबाईंकडे.

मुलाने मात्र या सगळ्यातून आपला पदार्थ काढलाय. कडक भाकरीचे तुकडे ताटात पसरायचे, वर पचडी, त्यावर दही, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि वरून मूठभर शेव. मित्रांना बोलावून खाऊ घालतो आणि "बेळगावी नाचोज" म्हणून सांगतो. शेव सोडली तर माझी काही हरकत नाही. शेव तो सोडत नाही.