अंगठा लागत नाही, तिथं हृदयाचे ठोके चालतील का?

खानापूर-चंदगडकडं काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची साल टरफलातल्या तेलानं निघते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूनं रेषा झिजतात. मग हजेरीच्या मशीनवर अंगठा लागत नाही. ईसीजीवरून ओळख हा त्यावर एक मार्ग आहे. पण 'हा माणूस कोण?' हे त्याला विचारू नका. कामगारानं आपला नंबर टाकल्यावर 'हा तोच का?' एवढंच विचारा.

हृदयाची छातीतली ठेवण, स्नायूची जाडी आणि विजेची वाट माणसागणिक वेगळी, म्हणून ईसीजीत प्रत्येक ठोक्याला दिसणाऱ्या पी (आधीची छोटी), क्यूआरएस (मधली टोकदार) आणि टी (नंतरची पसरट) या लाटांचा आकारही वेगळा. लेना बिएल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली २० जणांवर हे दाखवलं.

प्रयोगाला ईसीजी टिपणारं एडी८२३२ मॉड्यूल, ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि स्टीलच्या तीन पट्ट्या पुरतात. मॉड्यूलला ३.३ व्होल्टच द्या, तेही बॅटरीवरून. अंगाला जोडलेलं सर्किट चार्जरवर चालवायचं नाही. धोका तर आहेच, शिवाय घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण सगळी लाट गिळते. बेळगावच्याच वडगाव-खासबागेत शेजारी माग सुरू असेल तर बॅटरीवरही ती थोडी येतेच. तेवढीच गुणगुण कापणारा नॉच फिल्टर लावा, पण फार अरुंद नको: प्रत्येक क्यूआरएसनंतर तो स्वतःच थरथरतो आणि ती थरथर सगळ्यांच्याच नोंदीत सारखी दिसते. बाजारातल्या या बोर्डवर बहुधा ४० हर्ट्झच्या वरचं कापलेलं असतं. ठोके मोजायला ते ठीक, ओळखीला मात्र क्यूआरएसचे बारीक कंगोरे हवेत. त्यासाठी फिल्टरचे रेझिस्टर-कपॅसिटर बदलावे लागतात.

खरी अडचण कातडीची. ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांचेच तळवे घट्ट्यांनी जाड झालेले, त्यामुळं कोरड्या पट्टीवर सिग्नल धड येत नाही. पट्टी बोटाखाली न ठेवता मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा, आधी ओल्या फडक्यानं पुसून. कोपर टेबलावर हवं. माणूस जोर लावून दाबतो तेव्हा स्नायूंची वीज मिसळते आणि रेषा केसाळ दिसते. हात उलटे ठेवले तर आर टोक, म्हणजे क्यूआरएसचं उंच टोक, खाली जातं, सगळी लाटच उलटी. पट्ट्यांवर 'डावा-उजवा' मराठीत लिहायचं की कन्नडमध्ये हा वाद नको. हाताचं चित्र काढा.

सेकंदाला ५०० नमुने घ्या. पॅन-टॉम्पकिन्स या ठोके शोधायच्या प्रचलित पद्धतीनं आर टोक शोधा, त्याच्या आधीचे २०० आणि नंतरचे ४०० मिलीसेकंद कापा. म्हणजे एका ठोक्याचे ३०० नमुने. उंची सारखी करून घ्या आणि इतरांशी न जुळणारे ठोके टाकून सरासरी काढा. पहिल्या नोंदीला ३० सेकंद, म्हणजे साधारण ३५ ठोके. रोजच्या तपासणीला दहा सेकंद पुरतात. नाहीतर ४० कामगारांच्या रांगेला वीस मिनिटं लागतील.

पहिली नोंद एकाच दिवशी उरकू नका. तीन वेगवेगळे दिवस, त्यात एकदा जिना चढून आल्यावर. नाडी वाढली की टी लाट आर टोकाकडं सरकते, क्यूआरएस जवळपास तसाच राहतो. म्हणून जुळवताना वजन क्यूआरएसला द्या. विकणाऱ्याचे '९९ टक्के' बहुतेकदा इथंच फुगतात: एकाच बैठकीतले अर्धे ठोके शिकायला, उरलेले तपासायला. आज घेतलेली नोंद महिन्यानं चालते का, तेवढं विचारा.

हार्ट अटॅक किंवा पेसमेकरनंतर नवी नोंद लागते, गरोदरपणातही लागू शकते. ठोके अनियमित असतील तर त्या माणसाला या मशीनपुढं बसवूच नका. नक्कलही होते, २०१७ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ईसीजीवरून ओळखणारा मनगटी पट्टा फसवून दाखवला. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, हृदय कसं बदलणार?

कच्ची लाट साठवून ठेवली तर कुणाला हृदयविकार आहे हे मालकाला आयतंच कळेल. जुळणीपुरता साचा ठेवा, लाट पुसून टाका. आणि मशीनशेजारी सहीचं हजेरीपुस्तक राहू द्या. मशीन अडलं की अर्धी रांग तिकडंच वळणार आहे.