आनंदावर विरजण: चमचाभर दही काय करतं?

येऊरला जायचं ठरलं, डबे भरले आणि ऐनवेळी एकाने ‘मी नाही येत’ म्हटलं, की ठाण्यातल्या घरात हमखास ऐकू येतं: ‘घातलंस ना विरजण!’

हा वाक्प्रचार थेट स्वयंपाकघरातला. अर्धा लिटर कोमट दुधाला चमचाभर दही पुरतं. त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. आम्ल वाढलं की सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) खाली येतो; तो साधारण ६.७ वरून ४.६ पर्यंत उतरला की केसीन हे दुधातलं प्रथिन गोठतं. मे महिन्याच्या उकाड्यात पाच-सहा तासांत दही लागतं, थंडीत जास्त वेळ जातो. दूध कडकडीत असेल तर जिवाणू मरतात आणि दही लागतच नाही.

मग दह्यासारख्या चांगल्या गोष्टीला वाईट अर्थ का? माझ्या मते, बासुंदीसाठी ठेवलेल्या दुधात तोच चमचा पडला तर बेत बुडतो, आणि दह्याचं पुन्हा दूध होत नाही.

माणूस विरजण ‘घालतो’. अवकाळी पावसाने ते ‘पडतं’. ‘मिठाचा खडा टाकणे’ जवळचंच, पण ते जुळलेल्या नात्यात बिघाड करणाऱ्याला जास्त शोभतं. ‘माशी शिंकली’ मात्र कामातल्या अडथळ्याला म्हणावं.