अमेरिकेतले गुन्हे: ग्रुपवरचे आणि आकड्यातले

अमेरिकेत कुठं गोळीबार झाला की तासाभरात त्याचा व्हिडिओ विदर्भात अचलपूर, दारव्हा, चिमूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. मग अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या पोरांना घरून एकच सांगणं: "बाबू, रात्रीचा बाहेर नको निघू." ही काळजी खोटी नाही. २०२२ मध्ये भारतात लाख लोकसंख्येमागे २.१ खुनांची नोंद झाली, अमेरिकेत ६ च्या वर. पण "तिथले गुन्हे दिवसेंदिवस वाढतच चाललेत" असं जे ग्रुपवर म्हणतात, ते मात्र खरं नाही.

१९९१ मध्ये अमेरिकेत लाखामागे सुमारे ७५० हिंसक गुन्हे नोंदले गेले होते. २०२३ मध्ये ३६० च्या आसपास. मधे २०२० ला खून एका वर्षात जवळपास ३० टक्के वाढले, तेव्हाची भीती रास्तच होती. २०२३ मध्ये मात्र ते ११ टक्क्यांहून जास्त घटले, आणि त्याच वर्षी गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत तिथले ७७ टक्के लोक म्हणाले, देशात गुन्हे वाढले. "तुमच्या भागात?" असं विचारल्यावर ५५ टक्केच हो म्हणाले.

आकडा वाचताना आधी एकूण बेरीज बाजूला ठेवा. भारतात २०२० मध्ये नोंदलेले गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले. कारण? लॉकडाऊन मोडल्याचे कलम १८८ खालचे लाखो गुन्हे त्यात आले. चोऱ्या उलट कमी झाल्या होत्या. म्हणून खुनाचा दर पाहावा, तो सहसा दडपता येत नाही. तोही लाखामागे आणि निदान दहा वर्षांचा. तालुक्यात गेल्या वर्षी एक खून, यंदा तीन, की बातमी येते "खून तिप्पट". एवढ्या लहान आकड्यावरून काहीच ठरत नाही; पाच-पाच वर्षांची सरासरी काढून ताडून पाहा.

चोरीचा आकडा सगळ्यात कच्चा. विहिरीवरच्या मोटारीची केबल तांब्यासाठी कापून नेली, तर शेतकरी ठाण्यात जातोच असं नाही. जायचं भाडं, बुडालेली मजुरी, पंचनाम्यासाठी आणखी एक दिवस. ऐन ओलिताच्या वेळी तो नवी केबल टाकून मोकळा होतो, आणि कागदावर त्या गावात चोरी झालेलीच नसते. अमेरिकेत यासाठी १९७३ पासून घरोघरी विचारतात: तुमच्यासोबत काय घडलं, पोलिसांना सांगितलं का? निम्म्याच्या आसपास हिंसक गुन्हे पोलिसांपर्यंत जातच नाहीत, हे त्यातूनच कळतं. १९९० च्या दशकापासूनची मोठी घट याही पाहणीत दिसते, म्हणून ती मानायला हरकत नाही.

आपल्याकडं अशी नियमित पाहणी नाही, मग फॉरवर्डलाच पुरावा मानलं जातं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, फिरणाऱ्या मेसेजवरून पोरं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. असा मेसेज आला की पुढं ढकलण्याआधी पोलीस पाटलाला किंवा ठाण्याला एक फोन करावाच.

आणि केबल गेली तरी तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात ती ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. ठाण्याची हद्द कोणतीही असो, नोंद घ्यावीच लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.