उत्तर न देणाऱ्या सर्व्हरचे काय करायचे : आमची वाटचाल

रत्नागिरीत आमची फर्म सुरू झाली तेव्हा कामाचे स्वरूप साधे होते. पतसंस्थेत हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवायचे, कर्मचाऱ्यांना शिकवायचे आणि बिघाड झाला की लांजा, राजापूर, गुहागर असे जिथे असेल तिथे जाऊन तो दुरुस्त करायचा. संस्थेचा सर्व्हर बहुधा व्यवस्थापकांच्या टेबलाखालीच असे आणि खाऱ्या, दमट हवेने त्याच्या आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढत असे. तालुक्याच्या गावांत फायबर पोचल्यावर हे विखुरलेले सर्व्हर एकत्र आणून एकाच देखरेखीखाली चालवावेत, असा प्रस्ताव आम्ही मांडला आणि संस्थांना तो पटला. पुढे आंबा बागायतदारांची ऑर्डर नोंदणी, काही लॉजची आरक्षणे आणि पॅथॉलॉजी लॅबचे अहवालही आमच्याकडे आले. आज रत्नागिरी आणि चिपळूण अशा दोन ठिकाणच्या सर्व्हरचा मिळून एक क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा समूह, आम्ही चालवतो. त्यातली कोणती सेवा (म्हणजे ग्राहकांसाठी सतत चालू असणारा प्रोग्रॅम) कोणत्या सर्व्हरवर चालेल, हे सहसा आमच्यापैकी कोणी ठरवत नाही.

सुरुवातीची स्वयंचलित व्यवस्था म्हणजे दर मिनिटाला चालणाऱ्या स्क्रिप्ट (छोटे प्रोग्रॅम) होत्या. सेवा बंद दिसली की ती पुन्हा सुरू करायची, एवढेच त्यांचे काम. सेवा पाच असेपर्यंत हे चालते. पन्नास झाल्या की एका स्क्रिप्टने देखभालीसाठी थांबवलेली सेवा दुसरी स्क्रिप्ट चालू करून ठेवते. कृतींची यादी लिहिण्याऐवजी हवी ती स्थिती लिहून ठेवायची आणि ती गाठण्याचे काम यंत्रणेवर सोपवायचे, हा विचार तसा जुना आहे. ऑस्लोतील मार्क बर्गेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन हे सर्व्हर हव्या त्या स्थितीत ठेवणारे सॉफ्टवेअर तयार केले ते याच दिशेने. गुगलने आपल्या 'बोर्ग' या अंतर्गत व्यवस्थेच्या अनुभवावरून २०१४ मध्ये 'कुबरनेटिस' हे अनेक सर्व्हरवरच्या सेवा सांभाळणारे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले, आणि २०१९ मध्ये त्याची 'के-थ्री-एस' ही हलकी आवृत्ती आल्यावर आमच्यासारख्या मोजक्या सर्व्हरच्या फर्मलाही ते परवडू लागले. लॅबच्या अहवालांच्या सेवेची आमची फाइल जेमतेम एका पानाची आहे. तीत 'प्रती : ३' असे असते, म्हणजे त्या सेवेच्या तीन प्रती एकाच वेळी चालू हव्यात. दोनच चालू दिसल्या तर यंत्रणा तिसरी सुरू करते, चार दिसल्या तर एक बंद करते, आणि ही तपासणी अखंड चालू राहते.

तिसरी प्रत का पडली, हे मात्र ती विचारत नाही. मेमरी गळणारी, म्हणजे वापरलेली मेमरी परत न सोडणारी सेवा रात्रभर पडत आणि उठत राहते आणि ग्राहकाला पत्ताही लागत नाही. म्हणून आमच्याकडे सकाळी कार्यालय उघडल्यावर पहिली नजर कोणती सेवा किती वेळा पुन्हा सुरू झाली, या आकड्यावर जाते. सेवा चालू आहे की बंद, यापेक्षा मला हा आकडा अधिक प्रामाणिक वाटतो.

प्रकृतीच्या तपासण्यांबाबतही असेच आहे. कुबरनेटिसमध्ये सेवेला दोन वेगळे प्रश्न विचारता येतात : तू जिवंत आहेस का, आणि काम घ्यायला तयार आहेस का. पहिल्याला उत्तर आले नाही तर सेवा मारून नव्याने सुरू केली जाते. दुसऱ्याला आले नाही तर तिच्याकडे नवे काम पाठवणे फक्त थांबते. आम्ही काही बदलले नाही तर हे प्रश्न दर दहा सेकंदांनी विचारले जातात, उत्तरासाठी एक सेकंद मिळतो आणि लागोपाठ तीन वेळा उत्तर चुकले की कारवाई होते. एप्रिलअखेरीस हापूसच्या ऑर्डरी एकदम वाढतात, डेटाबेस मंदावतो आणि सगळ्याच प्रती उत्तराला उशीर करू लागतात. अशा वेळी पहिल्या प्रश्नात डेटाबेसची चौकशी गुंफलेली असेल, तर यंत्रणा धडधाकट प्रती एकेक करून मारत सुटते आणि उरलेल्यांवरचा भार आणखी वाढतो. त्यामुळे डेटाबेसची चौकशी दुसऱ्याच प्रश्नात ठेवायची, असा आमच्याकडे पक्का दंडक आहे.

वीज जाण्यापेक्षा ती परत येण्याचा क्षण अधिक नाजूक असतो. सगळे सर्व्हर एकदम उठतात, डेटाबेसला आपल्या नोंदी तपासून उभा राहायला वेळ लागतो आणि त्याच्यावर विसंबलेल्या सेवा तोवर पडत राहतात. यंत्रणा त्यांना १० सेकंदांनी, मग २०, मग ४० अशी वाढत्या अंतराने पुन्हा संधी देते आणि हे अंतर पाच मिनिटांपर्यंत जाते. 'साहेब, लाइट येऊन दहा मिनिटं झाली, काउंटरला माणसं उभी आहेत,' असा फोन आला की ही वाढती विश्रांती समजावून सांगणे कठीण असते. आता आमच्या सेवा डेटाबेस उठेपर्यंत न पडता आतच थांबून राहतात.

हे सगळे तुलनेने सोपे, कारण अशा सेवेच्या दोन प्रती जास्त चालल्या तरी कोणाचे नुकसान होत नाही. पतसंस्थेच्या डेटाबेसचे तसे नाही. चिपळूणचा सर्व्हर उत्तर देत नाही, याचा अर्थ तो बंद पडला आहे असा होत नाही. कदाचित मधली फायबरच तुटली असेल आणि तो तिथे व्यवस्थित जमाखर्च लिहीत बसला असेल. रत्नागिरीने त्याला मेलेला समजून स्वतः मुख्य डेटाबेस व्हायचे ठरवले, तर एकाच संस्थेची खतावणी दोन गावांत दोन कारकून वेगवेगळी लिहू लागतील आणि मागाहून ती जुळवता येणार नाही. यावर दोन उपाय एकत्र लागतात. पहिला बहुमताचा : तीन मते ठेवायची आणि दोन मते ज्या बाजूला असतील तिनेच काम चालवायचे. दुसरा असा, की ताबा घेण्याआधी गप्प झालेला सर्व्हर खरोखर बंद केला जावा, नुसता बंद मानला जाऊ नये. आमचा डेटाबेस सांभाळणारे 'पेसमेकर' हे सॉफ्टवेअर ही खात्री मिळाल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. त्यासाठी दूरवरून वीज तोडता येणारे स्विच आम्ही बसवले आणि तिसरे मत कोल्हापूरला ठेवले.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर असल्याने सर्व्हर कोरडे राहिले, पण वीज आणि फायबर दोन्ही गेले. कुबरनेटिसवरच्या सेवा ठरलेल्या पाच मिनिटांच्या प्रतीक्षेनंतर आपोआप रत्नागिरीला आल्या. खेड, चिपळूण आणि गुहागरच्या संस्थांचा मुख्य डेटाबेस मात्र आला नाही, कारण चिपळूणच्या वीज-स्विचपर्यंत आदेश पोचत नव्हता आणि पेसमेकरला हवी ती खात्री मिळत नव्हती. पेसमेकर आमच्या निर्णयासाठी थांबले होते, आणि मला ते योग्यच वाटले, कारण तिथला सर्व्हर यूपीएसवर खरोखरच चालू होता. फोन लागत नव्हते, माणूस पाठवणे अशक्य होते. तेव्हा यूपीएसच्या बॅटऱ्या पूर्ण भारावर किती वेळ टिकतात, हा आमच्या नोंदवहीतला आकडा काढला, त्याच्या दुप्पट वेळ उलटू दिला आणि मगच 'तो सर्व्हर बंद आहे' अशी खात्री हाताने दिली. गुहागरच्या संस्थांचा जमाखर्च त्या संध्याकाळी रत्नागिरीतून सुरू झाला.

त्याच आठवड्यात पंचगंगेनेही कोल्हापुरात पाणी आणले. घाटाच्या वर आणि खाली पडणारा पाऊस एकच असतो, तेव्हा तिसरे मत त्याच पट्ट्यात ठेवण्यात अर्थ नव्हता. ते आम्ही पुण्याला हलवले. सर्व्हर बंद करण्याची पद्धतही बदलली. आता प्रत्येक सर्व्हरच्या बोर्डावरील वॉचडॉग घड्याळ वापरतो. बहुमतापासून तुटलेला सर्व्हर त्या घड्याळाला चावी देणे थांबवतो आणि ठरलेल्या सेकंदांत घड्याळ त्याला सक्तीने रीसेट करते. दुसऱ्या बाजूला फक्त त्याहून थोडे अधिक थांबावे लागते, आणि आदेश पोचण्यासाठी फायबर शाबूत असण्याची गरज उरत नाही.

दिवसअखेरीचे काम मात्र आम्ही सर्वांत शेवटी यंत्रणेच्या हाती दिले. पिग्मी एजंटांची वसुली जमा झाल्यावर रात्री व्याज आणि खतावणीची प्रक्रिया चालते. कुबरनेटिसमधील ठरावीक वेळेचे काम क्वचित दोनदा सुरू होऊ शकते किंवा राहूनही जाऊ शकते, हे त्याच्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलेले आहे. ठेवीदाराला एकाच दिवसाचे व्याज दोनदा लागणे कोणत्याही लेखापरीक्षकाला चालणार नाही. म्हणून संस्था आणि तारीख यांची जोडी डेटाबेसमध्ये एकदाच नोंदता येईल असे बंधन घातले आहे. प्रक्रिया दुसऱ्यांदा सुरू झाली तर ती नोंद पाहून निमूट बाहेर पडते, आणि सकाळी सातपर्यंत नोंद झालेली नसेल तर आमचा फोन वाजतो.

पतसंस्थांचे डेटाबेस अजूनही कुबरनेटिसच्या बाहेर, पेसमेकरच्या देखरेखीखालीच आहेत आणि नजीकच्या काळात ते हलवण्याचा आमचा विचार नाही. दर वर्षी मे महिन्यात, वळवाच्या विजा सुरू होण्याआधीच्या एखाद्या रविवारी, संस्थांना लेखी कळवून आम्ही चिपळूणची फायबर मुद्दाम काढतो आणि डेटाबेस किती वेळात रत्नागिरीला येतो ते नोंदवून ठेवतो. यंदा दापोलीच्या संस्थाही या व्यवस्थेत येत असल्याने त्यांचे व्यवस्थापक ही चाचणी पाहायला चिपळूणला येणार आहेत.