हात वर करून जोड मागताना

चैत्र लागला की सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात यात्रांमधली कुस्त्यांची मैदानं सुरू होतात. तालमीत राहणाऱ्या, ना नोकरी ना कुणाचं मानधन अशा पैलवानांचा कमाईचा हंगाम तो हाच. वर्षभराचं दूध-तूप-बदाम याच दोन-अडीच महिन्यांत निघालं तर निघतं.

वरच्या कुस्त्या आधीच नेमलेल्या असतात, त्यांचे फोटो हँडबिलावर येतात. खालच्या मात्र आखाड्यातच ठरतात. पंच पोराचा हात धरून वर करतो, हलगीवर फेरी मारतो आणि विचारतो, "जोड हाय का?" समोरून कुणी उठला की दोघांना शेजारी उभं करून खांदे, मांड्या, मान बघतात. इथे वजनकाटा नसतो, त्यामुळे पाणी तोडून वजन उतरवण्यात काहीच हशील नाही. नजरेनंतरचा दुसरा हिशेब इनामाचा. "कितीची कुस्ती करतोस?" असं विचारलं की खरं सांगायचं. दोन हजाराचा पैलवान पाचशेच्या कुस्तीत उतरला तर त्या दिवशी चितपट करून मोकळा होतो, पण कुणाच्या तरी वस्तादाने त्याला आधी पाहिलेलं असतंच. पुढच्या गावात त्याचा हात वर होतो आणि कुणी उठत नाही.

लंगोट कसण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्यायच्या: वेळ किती, बरोबरीत सुटली तर इनाम विभागून मिळणार का, आणि पंच कोण. मातीत उतरल्यावर हुज्जत घालणारा यात्रा कमिटीला नको असतो. बरोबरीत अर्धे पैसे मिळतात म्हणूनच नुरा, म्हणजे आधी ठरवून केलेल्या कुस्तीचा मोह होतो. ओळखीचे दोघं नुसती खडाखडी करतात, पट, म्हणजे पाय ओढून पाडायचा डाव, काढल्यासारखा करून सोडतात. गावातल्या म्हाताऱ्यांना हे तिसऱ्या मिनिटाला कळतं. हातात पाय आला आणि ओढला नाही, एवढं पुरतं त्यांना.

दमाचा घोळ वेगळाच. मॅटवरची मोठ्या गटाची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. मातीतली निकाली, म्हणजे हार-जीत होईपर्यंतची कुस्ती पंधरा-वीस मिनिटंही चालते. फक्त मॅटचा सराव असलेला पोरगा आठव्या मिनिटाला तोंड उघडून श्वास घेऊ लागतो, मान खाली जाते आणि समोरचा घिस्सा डाव मारतो. हंगामाआधी महिनाभर तरी मातीत लांब लढती करायला हव्यात. मैदानाच्या दिवशी पोटभर जेवण कुस्तीच्या तीन-चार तास आधी, नंतर घोट घोट पाणी किंवा मीठ घातलेलं लिंबू सरबत. वाटेत गाडी थांबवून ग्लासभर थंडाई पिणारे आखाड्यात ओकताना दिसतात.

नखं मुळापर्यंत कापलेली, अंगावर तेल नाही, गळ्यात ताईत नाही. तीन लंगोट जवळ ठेवायचे. वापरलेला त्याच दिवशी धुऊन कडक उन्हात वाळवायचा. ओल्या लंगोटाने जांघेत गजकर्ण वाढतं. चट्टे असताना उतरलं की ते समोरच्याला लागतं आणि मग तालीमभर फिरतं. कान सुजला तर दोन-चार दिवसांत डॉक्टरकडून रक्त काढून घट्ट पट्टी बांधून घ्यायची, नाहीतर गाठ धरते. फुटका कान मिरवायची हौस आहे बऱ्याच जणांना, ती ज्याची त्याची. दमासाठी रक्तदाब वाढवणारी इंजेक्शनं टोचून घेणं मात्र हौसेत बसत नाही. उन्हात, धडधडत्या छातीने, वीस मिनिटं मातीत: यात जीव जातो.

एका दिवशी दोन गावांची मैदानं घेणारे दुसरीकडे हमखास उशिरा पोचतात, किंवा पहिल्यात गुडघा मुरगळून बसतात. यायचं जमणार नसेल तर आदल्या संध्याकाळी कमिटीला आणि स्वतःच्या वस्तादाला फोन करायचा, म्हणजे बदली पैलवान शोधायला रात्र मिळते. नाहीतर समोरचा पैलवान शंभर किलोमीटर गाडी मारून आलेला असतो, आणि परत जाताना त्याच्याकडे पेट्रोलचेही पैसे नसतात.