आमची वाटचाल : आधी प्लग, मग प्रोसेसर

२००४ साली इचलकरंजीत एका एसटीडी बूथची अर्धी केबिन भाड्यानं घेतली आणि कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान थाटलं. मोबाईलमुळं बूथ बसला होता, म्हणून भाडं परवडलं. भांडवल म्हणजे पहिल्याच महिन्यात उचललेली भिशी. महिन्यातून दोनदा रातराणीनं मुंबईला जायचो. पहाटे दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड, मग दुकानांची शटरं वर जाईपर्यंत कॉम्प्युटरच्या पार्टांचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडच्या कट्ट्यावर बसून राहायचं. येताना मदरबोर्डांचे खोके मांडीवर, हार्ड डिस्क स्वेटरात गुंडाळलेली. डिकीत कधी काही टाकलं नाही.

पहिला धडा तिथंच मिळाला. ‘ट्रे’चा, म्हणजे खोक्याविना सुटा मिळणारा प्रोसेसर थोडा स्वस्त पडायचा, पण सोबत पंखा नाही आणि वॉरंटी विकणाऱ्याच्या तोंडची. ‘बॉक्स’मधल्याला कंपनीची तीन वर्षं. मी चार महिने ट्रेचे घेतले, मग शहाणा झालो. दुसरा धडा हातातून निसटलेल्या प्रोसेसरनं दिला. त्याच वर्षी इंटेलनं डेस्कटॉपच्या प्रोसेसरवरच्या पिना काढून बोर्डाच्या सॉकेटात बसवल्या होत्या. माझा प्रोसेसर तिरका पडला आणि दोन पिना लोळल्या. शेजारच्या घड्याळवाल्याचं डोळ्याला लावायचं भिंग आणलं, पॉइंट पेन्सिलीतलं शिसं काढून तिचं पोकळ टोक पिनेवर बसवलं आणि एकेक पिन श्वास रोखून उभी केली. बोर्ड चालला. तो गिऱ्हाइकाला न देता दुकानातच वापरला.

तेव्हा गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच असायचा, “किती जीबीचा हाय?” मीही जीबी सांगून मोकळा व्हायचो. बाकीचं सामान कुठलं घातलंय ते कोणी विचारत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही फार विचार करत नव्हतो.

२००६ च्या लग्नसराईत एका फोटो स्टुडिओला दिलेलं मशीन फटाक्यासारखं वाजलं. कॅबिनेटसोबत, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यासोबत, फुकटात आलेला एसएमपीएस (आतल्या पार्टांना वीज पुरवणारा भाग) होता तो. स्टिकरवर ४५० वॅट, वजन मात्र पेढ्याच्या रिकाम्या खोक्याएवढं. भारनियमनाचे दिवस, लाईट आली ती झटका देऊनच. जाताना त्यानं बोर्ड नेला आणि हार्ड डिस्कही नेली. आत दोन लग्नांचे फोटो होते. एकाची सीडी काढून ठेवलेली होती, दुसऱ्याचं काहीच उरलं नव्हतं, कॅमेऱ्याची कार्डंही पुढच्या कार्यासाठी पुसलेली. मशीन मी भरून दिलं. स्टुडिओवाल्या दादांसोबत मुलीकडच्यांच्या घरीही गेलो. मुलीच्या वडिलांनी चहा दिला आणि विचारलं, “मग आता लगीन परत लावायचं काय?” यावर काय बोलणार?

तेव्हापासून आमच्याकडं सामानाची यादी एसएमपीएसपासून सुरू होते, आणि त्याच्याही आधी भिंतीतल्या प्लगपासून. मशीन ठेवायच्या जागी जाऊन मी टेस्ट लॅम्प लावतो. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब नीट पेटला नाही, तर आधी वायरमनला बोलवा म्हणून सांगतो. निम्म्या ठिकाणी अर्थिंगची वायर बोर्डात नुसती लोंबकळत असते आणि कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. यावरून काही ऑर्डरी गेल्या. जाऊ देत.

वॅटचा हिशेब अवघड नाही. इंटेलचा आय फाइव्ह १२४०० प्रोसेसर जोर लावल्यावर ११७ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड १७० वॅटचं. बाकीचं धरून साडेतीनशेच्या आत भागतं. मी तिथं ५५० वॅटचा, ब्राँझ रेटिंगचा (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा), नाव असलेल्या कंपनीचा एसएमपीएस घालतो. गोची यूपीएसची होते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॅटच्या आसपास झेपवतो. शिवाय चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज नीट ओढून घेणारं सर्किट असतं, आणि स्वस्त यूपीएसची ओबडधोबड वेव्ह काही वेळा त्याला चालत नाही. लाईट गेली की यूपीएस चालू, मशीन बंद! “महागातलं घालून फसवलंस” म्हणत दोघं दुकानात भांडायला आले होते. त्यांच्या जागी मी असतो तरी आलो असतो.

आमच्या गावाची खास अडचण कापसाची. यंत्रमागांच्या शेजारच्या ऑफिसातलं मशीन सहा महिन्यांनी उघडलं, तर प्रोसेसरच्या हीटसिंकवर, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांवर, गोधडी बसलेली असते, बोटानं ओढली की अखंड निघते. म्हणून मागवाल्या शेठजींना मी काचेची, दिव्यांची कॅबिनेट देत नाही. पुढं जाळीचा फिल्टर हवा, धुता येणारा. आत ओढणारे पंखे दोन, बाहेर टाकणारा एक, म्हणजे आत हवेचा दाब जास्त राहतो आणि फटीफटीतून कापूस आत शिरत नाही. हिशेबाच्या टॅलीला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते पैसे एसएसडी (वेगवान डिस्क) आणि बॅकअपच्या डिस्कला घाला म्हटलं, तर शेठजींना वाटतं मी धंदा करायला शिकलोच नाही.

उलट पोरं मोबाईलवर यादी करून आणतात आणि ती बहुतेक बरोबर असते. वाद होतो तो ‘एफ’ अक्षरावर. १२४०० एफ स्वस्त, पण त्यात अंगचं ग्राफिक्स, म्हणजे कार्डाशिवाय स्क्रीनवर चित्र दाखवायची सोय नाही. कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं की स्क्रीन काळी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला इंटेलच्या त्या अंगच्या ग्राफिक्सचा वेग मिळतो तो वेगळाच. गेम खेळणाऱ्याला एफ द्यायला माझी हरकत नाही.

२०२१ ला ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टो चलन काढणाऱ्यांनी कार्डांचे भाव दुपटीला नेले, तेव्हा आम्ही नवीन मशीनं जवळजवळ थांबवून दुरुस्तीवर दिवस काढले. वॉरंटीची वही बायको सांभाळते. कुठला पार्ट किती वेळा परत आला हे तिच्या वहीत बघूनच मी माल भरतो. त्या वहीत नापास झालेले दोन ब्रँड गावात इतरत्र जोरात खपतात.

२०२५ च्या दिवाळीनंतर रॅमचे भाव चढले. एआयच्या सर्व्हरांकडं मेमरी वळली आणि आमच्या हाती महागाई आली. कोटेशनवर पूर्वी ‘सात दिवस ग्राह्य’ लिहायचो, आता ‘आजचा भाव’ लिहितो. सध्या जुन्या गिऱ्हाइकांना मीच फोन करतोय. ज्यांना आम्ही एएमडीच्या प्रोसेसरचा बी ४५० बोर्ड दिला होता, त्यांचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५७०० एक्स प्रोसेसर बसतो. रॅम तीच, बोर्ड तोच, एसएमपीएसही बहुतेकांचा तोच. काल एक आर्किटेक्ट ताई नवीन मशीनची चौकशी करायला आल्या होत्या. प्रोसेसर तेवढा बदलून घ्या म्हटलं. उद्या दुपारी मशीन घेऊन येतायत, त्यातला कापूसही काढून द्या म्हणाल्या.